सगळे चॅनेल, एक बॉक्स, वर्षाला ३,५०० रुपये: सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंहगड रस्त्यावर वडगाव बुद्रुकच्या बाजूला ८४ फ्लॅटची एक सोसायटी आहे. राहणारे बहुतेक निवृत्त लोक आणि आयटीत काम करणारी तरुण कुटुंबं. माणसं ओळखू येतील असे तपशील इथे वगळले आहेत.

२०२४ च्या दिवाळीच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. पाठवणारा जवळचाच एक दुकानदार. सीसीटीव्ही बसवणं, वायफाय दुरुस्त करणं ही त्याची कामं. अर्ध्या सोसायटीचे कॅमेरे त्यानेच बसवलेले. मेसेज असा होता: "अधिकृत इंटरनेट टीव्ही. मराठी, हिंदी, स्पोर्ट्स सगळे चॅनेल, शिवाय सगळे ओटीटी. बॉक्ससह वर्षाचे फक्त ३,५००. सरकारमान्य." त्याखाली सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिहिलं, "आपल्या माहितीतले आहेत. ज्यांना हवं त्यांनी नाव द्यावं." ३८ घरांनी नावं दिली. अडचण आली तर लगेच सांगता यावं म्हणून दुकानदाराला ग्रुपमध्येच ठेवलं गेलं. ह्या छोट्या गोष्टीला पुढे बरंच महत्त्व आलं.

लोकांनी बॉक्स का घेतला हे समजून घ्यायला हवं, कारण "स्वस्ताच्या मोहात पडले" एवढं म्हणून भागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दररचना लागू झाली. तेव्हा पहिल्या १०० चॅनेलांचं नेटवर्क शुल्क १३० रुपये होतं, करासह १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क चॅनेलचे पैसे त्यावर वेगळे. हवे तेवढेच चॅनेल घ्यावेत, बिल कमी यावं, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात कोणते चॅनेल ठेवायचे आणि कोणते काढायचे ह्या हिशेबालाच ज्येष्ठ मंडळी कंटाळली. त्यात संध्याकाळची मालिका एका ॲपवर, क्रिकेट दुसऱ्यावर, नातवंडांची कार्टून तिसऱ्यावर. एक रिमोट आणि वर्षाची एक रक्कम, हे त्यांना सोयीचं वाटलं. पैशांपेक्षा ती सोयच अनेकांनी विकत घेतली होती.

अडचण

चार-साडेचार महिने सगळं ठीक चाललं. ९ मार्च २०२५ ला चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रोजेक्टरवर दाखवला गेला, ह्याच बॉक्सवरून. खुर्च्या आणि वडापावसाठी माणशी ५० रुपये घेतले होते.

२२ मार्चला आयपीएल सुरू झाली आणि त्याच आठवड्यात बॉक्स बंद पडले. पडद्यावर नुसतं गोल फिरणारं चिन्ह. दुकानदार म्हणाला, "काका, सर्व्हर डाऊन आहे, दोन दिवसांत होईल." दोनाचे दहा दिवस झाले. मग त्याने नवा निरोप दिला: जुना सर्व्हर गेला, नव्यावर घ्यायचं तर ५०० रुपये जास्तीचे. नऊ घरांनी ते भरले. आठवडाभर चित्र दिसलं आणि पुन्हा बंद. त्यानंतर फोन उचलणंही थांबलं.

असं घडण्यामागचं कारण ह्या क्षेत्रातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. बेकायदा प्रक्षेपण करणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालय २०१९ पासून असे आदेश देत आलं आहे, की तेच संकेतस्थळ नाव बदलून पुन्हा उगवलं तर नव्या दाव्याशिवाय तेही बंद करता यावं. मोठ्या क्रिकेट स्पर्धांच्या काळात हक्कधारक कंपन्या असे आदेश आधीच मिळवून ठेवतात आणि सामना चालू असतानाही पत्ते बंद केले जातात. ह्या सोसायटीचे बॉक्स नेमके कशामुळे थांबले ह्याचा पुरावा कुणाकडे नव्हता, पण ऐन आयपीएलमध्ये थांबले ह्याचं आश्चर्य वाटायला नको.

सोसायटीतल्या एका आयटी अभियंता तरुणीने बॉक्स उघडून पाहिला. आतलं ॲप कुठल्याही अधिकृत ॲप स्टोअरवरचं नव्हतं. बॉक्सवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांकही नव्हता. सेट-टॉप बॉक्ससाठी ती नोंदणी २०१२ च्या आदेशाने सक्तीची केलेली आहे. तिने सगळ्यांना आधी घरच्या वायफायचा पासवर्ड बदलायला सांगितलं. अनोळखी ॲप असलेलं यंत्र घरच्या नेटवर्कवर चार महिने चालू होतं, त्यामुळे तिचा सल्ला योग्यच होता.

हा टीव्ही कोणत्या कायद्याखाली येतो?

ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात हे प्रकरण आमच्याकडे आलं तेव्हा रहिवाशांनी दोन तक्रारी आधीच करून ठेवल्या होत्या. एक ट्रायकडे. दुसरी, बॉक्सवर ज्याचं चिन्ह दिसायचं त्या एका ओटीटी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. दोन्हींतून काही निघालं नाही, आणि निघणारही नव्हतं.

भारतात इंटरनेटवरून दिसणाऱ्या सगळ्या टीव्हीला मिळून एकच कायदा नाही. नेहमीचे चॅनेल जेव्हा एखादी कंपनी स्वतःच्या बंदिस्त नेटवर्कवरून, सेट-टॉप बॉक्समार्फत देते, तेव्हा ती आयपीटीव्ही सेवा. त्यासाठी केंद्र सरकारने ८ सप्टेंबर २००८ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ही सेवा परवानाधारक दूरसंचार कंपन्या, ठरावीक आर्थिक ताकद असलेले इंटरनेट सेवादाते किंवा नोंदणीकृत केबलचालक देऊ शकतात. केबलचालकाला १९९५ च्या केबल टीव्ही कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे. पूर्वी ती मुख्य टपाल कार्यालयात होत असे, जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन होते. चॅनेल कंपन्यांनीही आपलं सिग्नल अशा नोंदणीकृत किंवा परवानगी असलेल्या वितरकांनाच द्यायचं असतं. ट्रायचे दर, तक्रार क्रमांक, नोडल अधिकारी हे सगळे नियम ह्या वितरकांसाठी आहेत.

ओटीटीचं वेगळं. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २५ फेब्रुवारी २०२१ चे नियम लागतात: वयानुसार वर्गवारी, तक्रारीची २४ तासांत पोच, १५ दिवसांत निर्णय. पण ही तक्रार आशयाबद्दलची, म्हणजे काय दाखवलं ह्याबद्दलची. पैसे भरले आणि सेवा मिळाली नाही, ह्यासाठी ती वाट नाही. त्यातही मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ह्या नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला आणि तक्रार निवारणाच्या त्रिस्तरीय यंत्रणेसंबंधीच्या तरतुदीला स्थगिती दिली होती. ओटीटी कंपनीने रहिवाशांना एका ओळीत कळवलं: हे खातं आमचं नाही. ते खरंच होतं.

दुकानदार ह्या दोन्हींत बसत नव्हता. नोंदणीकृत वितरक नाही, ओटीटी प्रकाशक नाही. चोरलेलं प्रक्षेपण तो विकत होता. ट्रायकडे जाण्यात तर दुहेरी चूक होती, कारण नोंदणीकृत वितरकाविरुद्धसुद्धा एकेका ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही, आणि दूरसंचार लवादाच्या कायद्यानेही वैयक्तिक ग्राहकाला ग्राहक न्यायालयाकडेच पाठवलं आहे. ह्या दोन तक्रारींच्या उत्तरांची वाट पाहण्यात एप्रिल गेला. त्याच काळात ग्रुपवरचे दुकानदाराचे काही जुने मेसेज नाहीसे झाल्याचं लक्षात आलं.

विचारात घेतलेले पर्याय

कमिटीची बैठक सोसायटीच्या ऑफिसमध्ये झाली. बसायला जागा नव्हती, इतके लोक आले.

पहिला पर्याय, आणखी ५०० भरून चालू ठेवायचं. हे म्हणणारे थोडे होते, पण होते. "बाहेर सगळे असंच बघतात." ह्या पर्यायातला धोका पैशांपुरता नव्हता. एव्हाना सगळ्यांना माल चोरीचा असल्याचं कळलं होतं. कळून भरलेले पैसे आणि फसून भरलेले पैसे ह्यांत कायदा फार मोठा फरक करतो.

दुसरा पर्याय पोलिसांचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्रात तर व्हिडिओ पायरेट्सना २००९ पासून एमपीडीएखाली, म्हणजे धोकादायक व्यक्तींना रोखण्याच्या राज्याच्या कायद्याखाली, स्थानबद्धही करता येतं, इतका हा प्रकार राज्याने गंभीर मानला आहे. नसलेली मान्यता असल्याचं सांगून पैसे घेतल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ होतंच. पण इथे खोलीत शांतता पसरली. एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, "म्हणजे आम्हीही आरोपी का? आम्ही तर रोज बघत होतो."

हा प्रश्न बाजूला सारून चाललं नसतं. कलम ६३ हेतुपुरस्सर उल्लंघन करणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्याला लागू होतं. घरात बसून पाहणाऱ्यावर कायद्याचा मुख्य रोख नाही; रोख आहे तो प्रक्षेपण लोकांपर्यंत पोचवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर. त्यामुळे घरी मालिका पाहणाऱ्या शिक्षिकाबाईंनी घाबरण्याचं कारण नव्हतं. खरी काळजी पार्किंगमधल्या सामन्याची होती. कलम ३७ प्रमाणे, परवान्याशिवाय, शुल्क घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हे उल्लंघन ठरतं. ५० रुपये वडापावचे होते असं सांगता आलं असतं, पण ते सांगण्याची वेळ कमिटीवर यावी हेच वाईट. आम्ही कमिटीला स्पष्ट सांगितलं, की पोलिसांत जायचं तर ही गोष्टही लपवायची नाही.

तिसरा पर्याय ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नसलेली मान्यता असल्याचं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे. आणि दुकानदाराकडे नोंदणी नसली म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही.

चौथा पर्याय सोडून देण्याचा. "३,५०० रुपयांसाठी कोण फिरणार?" ३८ घरांचे मिळून १ लाख ३३ हजार होत होते, हे कुणीतरी मोठ्याने सांगितल्यावर हा पर्याय मागे पडला.

काय केलं

आधी पुरावा गोळा केला. पक्कं बिल कुणाकडेच नव्हतं. जीएसटी क्रमांक नसलेलं साधं चिठोरं होतं. पण पैसे यूपीआयने दुकानदाराच्या वैयक्तिक खात्यात गेले होते, त्याच्या नोंदी प्रत्येकाच्या फोनमध्ये होत्या. मूळ मेसेज, "अधिकृत" आणि "सरकारमान्य" ह्या शब्दांसकट, तीन जणांकडे फॉरवर्ड केलेला सापडला. ग्रुपवरून तो गेला तरी तिथे राहिला होता.

मग नोटीस. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ ह्याच शहरात सुरू केली, त्यामुळे पुण्यात ग्राहकाची नोटीस लिहून द्यायला मदत करणारा माणूस शोधावा लागत नाही. पण ह्या नोटिशीच्या एका वाक्यावर तासभर चर्चा झाली. सेक्रेटरींच्या मसुद्यात होतं: "सेवा १५ दिवसांत पूर्ववत सुरू करावी, अन्यथा पैसे परत करावेत." नेहमीच्या नोटिशीत हे वाक्य असतंच. इथे ते घातक ठरलं असतं. बेकायदा सेवा पूर्ववत सुरू करा अशी लेखी मागणी म्हणजे आम्हाला तीच हवी आहे अशी कबुली. वाक्याचा पहिला अर्धा भाग काढला. मागणी फक्त पैशांची ठेवली: मान्यता असल्याचं खोटं सांगून घेतलेली रक्कम परत करा, बॉक्स घेऊन जा.

त्यामागचा कायदेशीर पाया १८७२ च्या करार कायद्यात आहे. बेकायदा उद्देशाचा करार कलम २३ प्रमाणे शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच. करार शून्य असल्याचं नंतर उघड झालं, तर कलम ६५ प्रमाणे ज्याने त्यातून लाभ घेतला त्याने तो परत करायचा. मात्र दोन्ही बाजूंना बेकायदेशीरपणा पहिल्यापासून माहीत असेल तर कलम ६५ मदतीला येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच हे सांगून ठेवलं आहे. म्हणजे सगळं प्रकरण एका प्रश्नावर आलं. रहिवाशांना माहीत होतं का?

दुकानदाराने नेमकं तिथेच बोट ठेवलं. नोटीस मिळाल्यावर तो ऑफिसमध्ये आला आणि त्याने डिसेंबरमधला ग्रुपवरचा एक स्क्रीनशॉट दाखवला. एका रहिवाशाने लिहिलं होतं, "हे पायरेटेड असणार, पण आपल्याला काय, चालतंय ना." दुकानदार म्हणाला, "तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आता माझ्यावर कशाला ढकलता? बॉक्स परत द्या, घरटी हजार देतो."

ह्या क्षणी सोसायटी फुटली असती. ज्याने मेसेज टाकला त्याच्यावर सगळे तुटून पडले. त्याला खोलीतून बाहेर नेऊन चहा पाजावा लागला. मग शांतपणे दोन गोष्टी मांडल्या. एकाचा अंदाज म्हणजे ३८ घरांना असलेलं ज्ञान नव्हे. प्रत्येक घराचा व्यवहार वेगळा आहे. आणि बहुतेकांनी दिवाळीत पैसे भरले तेव्हा समोर "सरकारमान्य" हेच शब्द होते. ह्यातूनच पुढचा निर्णय झाला. समान हित असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि आधी तोच विचार होता. तो सोडला. एकत्र गेलो असतो तर तो स्क्रीनशॉट सगळ्यांच्या नावावर चिकटला असता. ज्याला जायचं त्याने स्वतंत्र तक्रार करायची असं ठरलं.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पार्किंगमधल्या सामन्याचा उल्लेख करून. अर्ज घेतला गेला, दुकानदाराला बोलावून विचारपूस झाली. गुन्हा दाखल झाला नाही. तरी बोलावणं आल्यानंतर दुकानदाराचा सूर बदलला, हेही खरं.

निष्पत्ती

तडजोड घरटी २,२०० रुपयांवर आली, दोन हप्त्यांत. रहिवाशांनी पूर्ण ३,५०० मागितले होते. चार-साडेचार महिने टीव्ही पाहिला हा दुकानदाराचा मुद्दा काही प्रमाणात मान्य केला. ३१ घरांनी तडजोड घेतली. पहिला हप्ता सगळ्यांना मिळाला. दुसरा काहींना मिळाला, काहींना नाही. मागून भरलेले ५०० मात्र नऊपैकी एकाही घराला परत मिळाले नाहीत, आणि त्यासाठी आम्हीही जोर लावला नाही. तोपर्यंत ग्रुपवर सगळं उघड झालं होतं.

उरलेल्या सात घरांपैकी तिघांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रारी केल्या. चौघांनी विषय सोडला.

टीव्हीचं म्हणाल तर काही घरं पुन्हा केबलवर गेली, काहींनी इंटरनेट कंपनीची अधिकृत टीव्ही सेवा घेतली. शिक्षिकाबाईंनी डीडी फ्री डिश बसवली. महिन्याचं शुल्क नाही, सह्याद्री दिसतो. त्यांची आवडती मालिका तिथे नाही, ती त्या मुलीकडे शनिवारी पाहतात.

वेगळं काय करता आलं असतं

सेक्रेटरींच्या त्या एका ओळीबद्दल लोक अजून बोलतात. त्यांचा त्यात एक रुपयाचा फायदा नव्हता, त्यांनी स्वतः बॉक्स घेतला होता. पण अनेकांनी नाव दिलं ते त्यांच्या शब्दावर. आता कमिटीने ठराव केला आहे, की पक्कं बिल आणि नोंदणी क्रमांक दाखवल्याशिवाय कुणाचीही जाहिरात ग्रुपवर किंवा नोटीस बोर्डवर जाणार नाही. हा ठराव सेक्रेटरींनीच मांडला.

घेण्याआधी एक साधी चाचणी करता आली असती. इंटरनेट कंपन्याही ओटीटी एकत्र करून देतात आणि त्यात गैर काही नाही. पण तिथे साधारणपणे त्या त्या ॲपवर आपल्या मोबाइल क्रमांकाने आपलं खातं सुरू होतं. ह्या बॉक्समध्ये कुणालाही कुठेच लॉगिन करावं लागलं नव्हतं. एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचं सगळं एकाच यादीत, खात्याशिवाय उघडत होतं. लोकांना ती सोय वाटली. दुकानदाराला "चॅनेल कोणत्या वितरकाकडून घेता?" एवढा एकच प्रश्न विचारला असता तरी चाललं असतं. नोंदणीकृत केबलचालक ह्याचं उत्तर एका वाक्यात देतो.

बंद पडल्यावर पहिल्या आठवड्यातच मेसेज आणि यूपीआयच्या नोंदी जपून ठेवायला हव्या होत्या. त्या तीन जणांनी मूळ मेसेज योगायोगाने फॉरवर्ड केला नसता, तर "सरकारमान्य" हा शब्द सिद्ध करणं अवघड होतं आणि कलम ६५ चा आधारच डळमळला असता.

तडजोडीबद्दल आमच्यातही मतभेद आहेत. माझ्या मते दोन हप्ते मान्य करायला नको होते. एकरकमी १,८०० घेतले असते तर प्रत्येक घराला ते खात्रीने मिळाले असते. दुसरं मत असं, की एकरकमी एवढे पैसे त्याच्याकडे नव्हतेच आणि ताणलं असतं तर पहिला हप्ताही गेला असता. ज्यांचा दुसरा हप्ता अडकला आहे त्यांच्यासाठी सध्या तडजोडीच्या कागदाच्या आधारे दुसरी नोटीस तयार करतो आहोत. सुदैवाने त्या कागदावर दुकानदाराची सही आणि हप्त्याची तारीख आहे.